वस्त्रगाळ प्रतिकारशक्ती

'रोगप्रतिकारशक्ती' या शब्दातला 'शक्ती' हा तुकडा मला फार दिवसांपासून खटकतो. करोनाच्या साथीनंतर हा शब्द वैद्यकातून निघाला तो थेट किराणा दुकानाच्या फळीवर जाऊन बसला. काढा, चूर्ण, बिस्किटं, सगळ्यांवर तोच छाप. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा हिंगोली जिल्ह्याला आनंद झाला तो रास्तच. पण मानांकन पिकाच्या गुणाचं असतं, त्यानं हळदीचं दूध पिणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींना बढती मिळत नाही. हे एक वेळ चालेल, हळदीच्या दुधानं सहसा कुणाचं बिघडत नाही. ज्या दाव्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो याच्या पुढचा आहे, आणि तो करणारी माणसं चांगली शिकलेली आहेत. त्यांचं म्हणणं असं, की पूर्वी गावातली पोरं अनवाणी हिंडत, मातीत लोळत, त्यांच्या पोटात जंत असत, पावसाळ्यात हिवताप येऊन जाई, आणि म्हणूनच ती काटक होती. शाळाशाळांतून जंताच्या गोळ्या वाटून आणि साबणानं हात धुवायला लावून आपण पिढी नाजूक केली. हमखास टाळ्या घेणारा दावा. त्यातलं अर्धं विज्ञान खरं आहे, म्हणूनच त्याला उत्तर द्यावं लागतं. निव्वळ थाप असती तर सोडून देता आली असती.

मुळात जंत आणि हिवताप ही नावं एका दमात घेण्यातच गफलत आहे. हिवतापाचा परजीवी एका पेशीचा. डासाच्या चाव्यातून तो आत येतो, यकृतात वाढतो, मग रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतो आणि त्या फोडून बाहेर पडतो. त्या फुटण्याच्या सुमारासच हुडहुडी भरते. अशा शत्रूसाठी शरीर मारेकरी फौज काढतं: गिळणाऱ्या पेशी, त्यांना चेतवणारं इंटरफेरॉन गॅमा, परजीवीला चिकटणारी प्रतिपिंडं. जंताचं गणित वेगळं. वीतभर लांबीचा गोलकृमी कुठली पेशी गिळणार? म्हणून शरीर त्याला मारण्याचा नाद सोडतं आणि हाकलण्याच्या मागे लागतं. आतड्याच्या अस्तरात झुबकेदार टोकाच्या काही पेशी असतात. त्या तिथं काय करतात हे अनेक वर्षं कुणाला धड सांगता येत नव्हतं. जंत आल्याची पहिली वर्दी त्याच देतात हे २०१६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून कळलं. वर्दी पोचली की आतड्यात बुळबुळीत स्राव वाढतो, स्नायू जोरानं आवळतात, अस्तराच्या पेशी भराभर बदलल्या जातात, रक्तात आयजीई नावाची प्रतिपिंडं आणि इओसिनोफिल पेशी वाढतात. माळवदाच्या घरात शिरलेला साप मारता येत नसला की पाणी ओतून, भांडी वाजवून बाहेर काढावा, तसला हा प्रकार. हीच यंत्रणा परागकणांवर किंवा घरातल्या धुळीवर चालून गेली की तिला आपण ॲलर्जी म्हणतो, आणि ती श्वासनळीत भिनली की दमा.

आता 'शक्ती'कडे येऊ. ही यंत्रणा पूर्ण जोरानं चालली तर भलं होतं का? हत्तीपाय रोगाकडे पाहा. हिंगोलीला लागून असलेले नांदेड आणि यवतमाळ हे जिल्हे या रोगाच्या सरकारी यादीतले. या रोगाचे कृमी अंगात असलेल्या कित्येक माणसांच्या रक्तात रात्री असंख्य सूक्ष्म अळ्या फिरत असतात आणि माणूस सकाळी उठून शेतावर जातो. त्याला काहीच होत नसतं, कारण त्याच्या शरीरानं भांडण आवरतं घेतलेलं असतं. थोड्या लोकांत नेमकं उलटं घडतं. त्यांचं शरीर सगळं बळ पणाला लावतं, इओसिनोफिल बेसुमार वाढतात, आणि रक्त तपासलं तर एक अळी सापडत नाही. पण हा विजयी वीर रात्री खोकत उठून बसतो, त्याला धाप लागते, आणि वेळेत औषध मिळालं नाही तर फुफ्फुसं कायमची कडक होऊ शकतात. मदनपल्लीच्या क्षयरोग रुग्णालयातून फ्रिमोट-मोलर आणि बार्टन यांनी १९४० साली अशा रुग्णांची नोंद केली. १९४३ मध्ये वाइनगार्टननं त्याला 'ट्रॉपिकल इओसिनोफिलिया' असं नाव दिलं. यामागं हत्तीपायाचे कृमी आहेत हे नंतर उमगलं. ज्याच्या शरीरानं शत्रूचा नायनाट केला तो अंथरुणावर आणि ज्यानं मिटवून घेतलं तो नांगरामागं. मिटवून घेणाऱ्याचाही पाय पुढेमागे सुजू शकतो, हे खरं. तरी शक्तीची मोजणी कुठल्या बाजूनं करायची, ते दावेदारांनी सांगावं.

आता त्यांच्या सर्वात भक्कम पुराव्याला भिडतो, आणि त्याला जरा जास्तच जागा देतो. जंताशी वर्षानुवर्षं संसार करणारं शरीर तडजोडीला येतं. नियामक टी-पेशी वाढतात, आयएल-१० नावाचं शांतवणारं द्रव्य स्रवतं, आयजीईच्या वाटेत आयजीजी-४ ही प्रतिपिंडं आडवी येतात. या तडजोडीत ॲलर्जीही शांत होते, असा विरोधकांचा मुद्दा, आणि तो हवेतला नाही. १९७६ साली टर्टन नावाच्या इंग्रज संशोधकानं स्वतःच्या अंगात अंकुशकृमी सोडले आणि आपला परागज्वर थांबल्याचं 'लॅन्सेट'ला पत्र लिहून कळवलं. १९८९ मध्ये डेव्हिड स्ट्रॅकननं दाखवलं, की मोठ्या भावंडांच्या घरात वाढलेल्या मुलांना परागज्वर कमी होतो. त्यातून अतिस्वच्छतेचा सिद्धांत निघाला. पुढे नॉटिंगहॅमच्या डेव्हिड प्रिचर्डनंही टर्टनसारखे कृमी अंगावर घेतले. चेन्नईच्या संशोधकांना मधुमेही लोकांत हत्तीपायाचा संसर्ग कमी आढळला. व्हिएतनाममध्ये जंताची औषधं दिल्यावर मुलांची त्वचा ॲलर्जीच्या चाचणीत जास्त लाल होऊ लागली. इतकं सगळं मान्य. पण त्याच व्हिएतनामी मुलांचा दमा वाढला नाही. इक्वेडोरमध्ये शाळकरी मुलांना असंच औषध दिलं तेव्हा ॲलर्जीत फरकच पडला नाही. दम्याच्या रुग्णांना मुद्दाम अंकुशकृमी दिले, ठोस फायदा दिसला नाही. डुकराच्या आतड्यातल्या कृमीची अंडी पाजून क्रोन हा आतड्याचा रोग बरा करण्याचा गाजावाजा झाला, आणि मोठ्या चाचणीत तो प्रयोग फसला. याचा अर्थ एवढाच, की जंतांनी स्वतःच्या बचावासाठी तयार केलेली काही द्रव्यं उद्या औषध म्हणून कामी येतील. त्यासाठी जंत पाळायला लागत नाहीत. पेनिसिलिन मिळावं म्हणून कुणी भाकरीला बुरशी येऊ देत नाही.

इथं मात्र मला एक पाऊल मागं घ्यावं लागतं, कारण दुसऱ्या बाजूचा ढोलही पोकळ वाजतो. २०१५ पासून १० फेब्रुवारीला राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळतात. अंगणवाडीत आणि शाळेत ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोलची गोळी चघळायला देतात. या गोळीनं मुलं सुदृढ होतील, हुशार होतील, असं सांगितलं जातं. उत्तर प्रदेशात सुमारे १० लाख लहान मुलांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांनी हीच गोळी दिली गेली. वजनात आणि मृत्यूंत दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. बहुतेक मुलांच्या पोटात जंत थोडे होते, हे त्याचं एक कारण. म्हणजे 'जंत काढले की ताकद येते' हे घोषवाक्यही 'जंत असले की ताकद येते' याच्याच पंगतीला बसतं. मग गोळी द्यावी की नाही? द्यावी, कारण जंत मोजके आहेत की ढीगभर हे पोटाबाहेरून दिसत नाही, आणि शेकड्यानं अंकुशकृमी असले तर रोज काही मिलिलिटर रक्त जातं. वसमतच्या शिवारात हळद उभी असते. ओलीतली, पानांच्या सावलीतली माती अळीला मानवते आणि ती तळपायाच्या कातडीतून आत शिरते. आधीच रक्त कमी असलेली बाई तिथं अनवाणी उभी असेल, तर तिच्या काटकपणावर व्याख्यान देण्यापेक्षा तिला चप्पल आणि वस्तीला संडास दिलेला बरा. गोळीनं पोट रिकामं होतं, माती नाही. म्हणून काही महिन्यांत जंत परत येतात, आणि आधीच्या जंतांनी शरीराला भरवशाचा धडा शिकवलेला नसतो.

हिवतापाची बाजू यापेक्षा कडू आहे. वारंवार हिवताप झालेल्याला तो पुढे हलका जातो हे रॉबर्ट कॉखनं १९०० च्या सुमारास न्यू गिनीत पाहिलं. मुलांच्या रक्तात परजीवी भरपूर, मोठ्यांत नाममात्र. अल्जीरियात काम करणाऱ्या सेर्जाँनं या अर्धवट संरक्षणाला 'प्रीम्युनिशन' म्हटलं: संसर्ग थोडा शिल्लक आहे तोवर टिकणारं संरक्षण. १९६१ साली गांबियात प्रौढांच्या रक्तातली प्रतिपिंडं आजारी मुलांना टोचली आणि परजीवी झपाट्यानं घटले. तेव्हा हे संरक्षण खरं आहे, त्यात वाद नाही. पण फॅल्सिपेरम या हिवतापाच्या घातक परजीवीजवळ तांबड्या पेशीवर चढवायचे सुमारे ६० वेष असतात, शरीरानं एक ओळखला की तो दुसरा काढतो. सगळे ओळखीचे व्हायला लहानपणभर पुन्हा पुन्हा डसून घ्यावं लागतं. त्याची किंमत जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांत आहे: २०२३ मध्ये हिवतापानं सुमारे ५ लाख ९७ हजार मृत्यू, बहुतेक आफ्रिकेत, आणि तिथले चारातले तीन पाच वर्षांखालच्या मुलांचे. काटक प्रौढ दाखवणाऱ्यांनी ही मुलंही मोजावीत. आणि हिंगोलीपुरतं बोलायचं तर मुद्दाच गळून पडतो. गडचिरोलीचे जंगलपट्टे सोडले तर राज्यात आज हिवतापाचा फेरा इतका वारंवार नाही, की त्यातून असं संरक्षण तयार व्हावं. कयाधू नदीकाठच्या प्रौढाला हिवताप झालाच, तर तो पोराइतकाच कोरा असतो. शरीर जे इतक्या मरणांनंतर शिकतं त्याचा एक भाग लसीनं शिकवायचा प्रयत्न आता चालू आहे. ऑक्सफर्डची आर-२१ लस पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट बनवते आणि जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची शिफारस केली. तिचा जोरही काळाबरोबर ओसरतो, वर्धक मात्रा घ्यावी लागते.

दोन्ही रोग एकाच अंगात असले तर काय, हा प्रश्न विरोधकांना आवडतो, कारण थायलंडमध्ये जंत असलेल्या रुग्णांना मेंदूचा हिवताप कमी झाल्याची नोंद आहे. पण त्याच गटाच्या दुसऱ्या अभ्यासात जंतवाल्यांना मुळात हिवतापच जास्त झालेला आढळला. वणवा सौम्य करणारा माणूस काडीही तोच टाकत असेल, तर त्याचे आभार किती मानायचे?

एवढी परदेशवारी झाल्यावर मराठवाड्यातल्या नारूकडे येतो, कारण या वादाचा निकाल त्यानं कधीच लावून ठेवला आहे. आयुर्वेदाच्या ग्रंथांत याला स्नायुक म्हणतात. बारवेच्या पायऱ्या उतरून लोक पाणी भरत. त्या पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या पाणकिड्यांमधून नारूची अळी पोटात जाई. पुढे वर्षभर काहीच नाही. कातडीखाली हात-दोन हात लांबीची मादी वाढते आणि शरीराला तिचा पत्ता नसतो. ना ताप, ना सूज. मग एक दिवस पायावर फोड येतो, आग होते, माणूस पाय पाण्यात घालतो, आणि फोडातून नारू तोंड काढून अळ्या सोडतो. तो काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, धसमुसळेपणा केला नि तुटला तर पाय टरारून सुजायचा, पू धरायचा. वर्षभर झोपलेलं शरीर तुटलेल्या नारूवर एकदम तुटून पडतं आणि त्यात नारूपेक्षा जास्त नुकसान तेच करतं. सगळ्यात मोठी गोष्ट पुढेच: एकदा नारू झालेल्याला पुढच्या वर्षी पुन्हा होई, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. त्याच बारवेचं पाणी आयुष्यभर पिऊनही शरीर काही शिकलं नाही. लस निघाली नाही, नारू मारणारं औषधही निघालं नाही. १९८३-८४ पासून देशात मोहीम झाली. पाणी दुहेरी फडक्यातून गाळा, नारू झालेल्यानं बारवेत उतरू नये, बारवेत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाका, हातपंप बसवा. जे काम पांढऱ्या पेशींना जमलं नाही ते लुगड्याच्या पदरानं केलं. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात नोंदला गेला, आणि फेब्रुवारी २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. आज हिंगोलीत एकाही माणसाच्या रक्तात नारूविरुद्ध प्रतिकार नाही. बारवा भरलेल्या होत्या तेव्हाही नव्हता.