चेंडू कोणाच्या नावावर?

(सिॲटलजवळ बेलव्ह्यूमध्ये राहणारी भाची आणि पुण्याहून तिच्याकडे आलेले मामा. मामा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले. बरीच वर्षं मोटार अपघातांचे दावे चालवलेले. विषय १ फेब्रुवारी २०१५च्या सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा.)

मामा : इतकी वर्षं झाली तरी तुमच्या गावात त्या एका पासवरून भांडणं होतात म्हणे. आधी घटना सांग, मतं नंतर.

भाची : आमचे सीहॉक्स २४, न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८. उरली २६ सेकंदं. चेंडू गोलरेषेपासून एका यार्डावर, म्हणजे तीन फूट. प्रयत्न तीन शिल्लक, टाइमआउट एकच. आधीच्याच प्रयत्नात मार्शॉन लिंच चेंडू छातीशी धरून चार यार्ड रेटत आला होता. अंगावर आलेल्यांना झटकून पुढे जाण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. सगळ्यांना वाटलं, पुन्हा त्यालाच देणार. पण निरोप आला पासचा. क्वार्टरबॅक रसेल विल्सनने रिकार्डो लॉकेटकडे चेंडू फेकला, आणि माल्कम बटलर नावाच्या नवख्या बचावपटूने मध्ये घुसून तो झेलला. संपलं.

मामा : मग दोष उघड आहे. ज्याने पास ठरवला त्याचा.

भाची : निकाल पाहून असं म्हणणं सोपं आहे, मामा. धावणाऱ्याला मैदानात पाडलं तर घड्याळ चालूच राहतं. पास खाली पडला तर थांबतं. एका टाइमआउटमध्ये तिन्ही प्रयत्न निश्चिंतपणे वापरायचे तर त्यातला एक पास हवाच. शिवाय समोर धावणाऱ्याला अडवायला धिप्पाड गडी उभे केले होते. त्या मोसमात अख्ख्या लीगमध्ये एका यार्डावरून शंभरावर पास टाकले गेले होते, प्रतिस्पर्ध्याने त्यातला एकही झेलला नव्हता. उलट लिंच त्याच अंतरावरून पाचांपैकी एकदाच पार झाला होता.

मामा : म्हणजे निर्णय वाजवी, निकाल वाईट. असं होतं. नंतर कोण काय म्हणालं?

भाची : प्रशिक्षक पीट कॅरोल म्हणाले, निर्णय माझा. विल्सन म्हणाला, चेंडू मी फेकला, दोष माझा. आक्रमणाची आखणी करणारे डॅरेल बेव्हेल मात्र पत्रकारांसमोर बोलून गेले की लॉकेटने चेंडूसाठी आणखी ताकद लावायला हवी होती.

मामा : ते खोटं होतं का?

भाची : अगदी खोटं नसेल. पण त्यावरून त्यांच्यावर बरीच टीका झाली.

मामा : हा काय न्याय झाला? खरं बोलला त्याला शिव्या, आणि सांगितलं तेवढं करणारा ‘दोष माझा’ म्हणाला की टाळ्या! खोट्या कबुलीवर मी कधी निकाल दिला नाही, अगं.

भाची : क्वार्टरबॅकचं काम काय असतं ते बघा. त्याच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. त्यातून प्रशिक्षक चाल सांगतात. पण खेळ सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंदं उरली की तो आवाज बंद. पुढे सगळं त्याच्यावर. समोरची रचना वाचायची, दहा जणांना हाकारायचं, डोळ्यांदेखत अंगावर धावून येणाऱ्यांकडे न बघता लांब बघायचं. त्याच्यापुढे भिंत करून उभ्या राहणाऱ्या पाच जणांना तर चेंडू घेऊन धावायला सहसा मिळतच नाही. आणि पास प्रतिस्पर्ध्याने झेलला तर नोंद क्वार्टरबॅकच्या नावावर होते, मग तो आपल्याच माणसाच्या हातावर आपटून उडालेला का असेना.

मामा : वहीतली नोंद म्हणजे पुरावा नव्हे.

भाची : मान्य. पण सुपर बोलच्या दोन आठवडे आधीचा सामना ऐका. १८ जानेवारी, समोर ग्रीन बे पॅकर्स. विल्सनचे चार पास प्रतिस्पर्ध्यांनी पळवले. चारही एकाच माणसासाठी टाकलेले, जर्मेन कर्ससाठी. चौथा तर कर्सच्याच हातांना लागून उडाला, तेव्हा सामन्याची जेमतेम पाच मिनिटं उरलेली आणि आम्ही १९-७ने मागे. तरी कसाबसा सामना जादा वेळेत गेला, आणि तिथे विल्सनने ३५ यार्डांचा पास टाकला. कोणाला? कर्सलाच. त्याने तो झेलला आणि आम्ही २८-२२ने जिंकलो.

मामा : पाचव्यांदा त्याच्याकडेच? याला काही जण हटवादीपणा म्हणतील.

भाची : झेल सुटला असता तर मीही म्हटलं असतं. पण विचार करा, चौथ्या वेळी विल्सनने सगळ्यांदेखत हात झटकून ‘अरे, हातात दिला होता’ असं दाखवलं असतं, तर पाचव्या वेळी कर्स चेंडूकडे बघत धावला असता की विल्सनच्या तोंडाकडे?

मामा : हं. पण उलट बाजूही आहे. प्रमुखाने प्रत्येक चूक पोटात घातली तर कुणी सुधारायचंच नाही. ही दया महागात पडते.

भाची : इथेच बटलरची गोष्ट येते. पेट्रियट्सनी आमची हीच चाल आधी सरावात घोटून पाहिली होती. त्यात बटलर आपल्या साथीदाराच्या मागून वळसा घालून गेला, पोचायला उशीर झाला आणि टचडाउन बसला. त्यांचे प्रशिक्षक बिल बेलिचिक यांनी त्याला तिथेच सांगितलं की इथे तू पोचायलाच हवंस. त्या रात्री तीच मांडणी दिसली. कर्सने बटलरची वाट अडवायची होती. पण ब्रँडन ब्राउनरने, जो आधीच्या मोसमापर्यंत आमच्याच संघात होता, कर्सला जागेवरच दाबून धरलं. वाट मोकळी झाली आणि बटलर सरळ चेंडूवर धावला.

मामा : म्हणजे त्याची चूक दाखवली गेली, पण सरावात. पत्रकारांपुढे नाही.

भाची : तेच म्हणते मी. सामन्यानंतर संघ बंद खोलीत चित्रफीत लावून बसतो. तिथे कोणाचं पाऊल कुठे चुकलं हे नावानिशी निघतं, क्वार्टरबॅकचंही. तिथे ‘दोष माझा’ म्हणून विषय संपवणारा संघाचं नुकसान करतो.

मामा : तरी माझी अडचण राहतेच. बाहेर एक, आत एक. हा दुटप्पीपणा नाही?

भाची : तुम्हीच सांगा. ट्रक ड्रायव्हरने कुणाला उडवलं तर भरपाईच्या दाव्यात मालकाला कशाला ओढता? तो तर घरी झोपलेला असतो.

मामा : ड्रायव्हर त्याच्या कामावर असतो म्हणून. मालकाने धडक दिली असं कोर्ट म्हणत नाही. भरपाईचं उत्तर त्याने द्यायचं, एवढंच म्हणतं. ड्रायव्हरचा निष्काळजीपणा निकालात स्वच्छ लिहिलेला असतोच.

भाची : मग विल्सनचं वेगळं काय?

मामा : ठीक. पण असं अंगावर घेतल्याने जखम भरते असं समजू नकोस.

भाची : नाहीच भरली. त्या रात्रीनंतर संघाचा कॅरोलवरचा विश्वास पहिल्यासारखा राहिला नाही, असं त्या संघातल्या खेळाडूंनीच पुढे बोलून दाखवलं. त्यांनी जबाबदारी घेऊनही.

मामा : म्हणूनच ती टाळ्यांसाठी घ्यायची नसते. आता माझा निकाल ऐक. निर्णय कॅरोलचा होता, फेक विल्सनची होती. दोघांनी आपापलं उत्तर दिलं आणि दोघंही खरं बोलले. लॉकेटबद्दलचं वाक्य बंद खोलीतलं होतं, ते बाहेर आलं ही चूक. आणि जो प्रमुख बाहेर सगळं अंगावर घेतो, पण आत कुणाला त्याची चूक दाखवत नाही, त्याला मी उदार म्हणणार नाही. तो फक्त वाईटपणा घ्यायचं टाळतोय.