तिले इचारलं काय?

आमच्या अचलपूरकडच्या वावरातून उत्तरेला पाहिलं, की मेळघाटचा पहाड दिसतो. हरभरा सोंगायला आला, की तिथली कोरकू माणसं खाली उतरतात. नवरा-बायको, पोरंसोरं, सासू, सारं बिऱ्हाडच. धुऱ्याला पालं पडतात. होळी त्यांचा सर्वांत मोठा सण. तो जवळ आला, की माघारी जातात.

एका साली त्यांच्यात एक पोरगी होती, सातव्या महिन्यातली. उन्हात वाकून सोंगत होती. मला पाहवेना. तिच्या हातात आठवड्याची मजुरी ठेवली, परतवाड्याला नेलं आणि धारणीच्या एसटीत बसवून दिलं. म्हटलं, "घरी जाऊन आराम कर." नवरा गप्प होता. मालकापुढं कोण बोलतं? ती खिडकीतून पाहत रडली. मला वाटलं, मी केलेल्या उपकारानंच तिला रडू आलं.

रात्री मोठ्या मानानं घरी सांगितलं. बायको भाकर थापत होती. म्हणाली, "तिले इचारलं काय? सारं गनगोत आपल्या वावरात हाय तिचं. तिकडं तिच्याजवळ कोन हाय?"

घास गिळेना. माझी लेक पहिल्या खेपेला माहेरी आली, तेव्हा तिला एकटीला अंगणातही बसू दिलं नव्हतं. डोहाळे पुसले, ओटी भरली. त्याच माणसानं दुसऱ्याच्या लेकीला रिकाम्या घरात धाडलं, तेही दया म्हणून. दोन दिवसांनी तिचा नवराही काम सोडून गेला. त्यांची मजुरी बुडाली, ती माझ्यामुळं.

सरकारनं आदिवासी भागात दवाखान्याला लागून 'माहेरघर' केलं. बाळंतपणाच्या आधी काही दिवस बाईनं सोबतीच्या माणसासह तिथं राहायचं. 2015 पासून अमृत आहार योजनेत अंगणवाडीतून एक वेळचं ताजं जेवण मिळतं. ही कामं चांगलीच आहेत. वजन, रक्त तपासायलाच पाहिजे. पण कोरकू ही मुंडा कुळातली बोली, मराठी-हिंदीहून पार निराळी. ज्या खोलीत आपली भाषा कोणाला कळत नाही, तिथं बाईनं भ्याले म्हणून सांगावं तरी कोणाला? तिच्या मनातली भीती कोणत्या कार्डावर लिहायची?

चांगलं करायचं, तर समोरच्याला विचारायची गरज काय, असं मला आधी वाटे. आता वाटतं, न विचारता केलेल्या भल्यात आपली मालकी लपलेली असते. दोन जिवांची झाली, म्हणून बाईची अक्कल काही गहाण पडत नाही.

पुढं दुसरी एक बाई तशीच आली. या वेळी मी खाली बसून विचारलं, "बाई, तुला काय पाहिजे?" बराच वेळ ती सासूकडं पाहत राहिली. मग म्हणाली, "बाबा, सास के पास रहने दो. छाँव में बच्चे सँभालूँगी."

एवढंच मागणं होतं. निंबाखाली पाळणा बांधून दिला आणि मजुरी पुरी लावली.