प्रशिक्षिकेला पद द्या, पगार द्या

अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाने 1974 साली मुलींचा बास्केटबॉल संघ पॅट समिट या 22 वर्षांच्या तरुणीच्या हाती दिला. पगार महिना 250 डॉलर. खेळाडूंचे गणवेश त्याच धुवायच्या, सामन्यांना जायची गाडीही त्याच चालवायच्या. 2012 मध्ये त्या पदावरून उतरल्या तेव्हा त्यांच्या नावावर 1098 विजय आणि आठ राष्ट्रीय विजेतेपदे होती. त्यांच्या हाताखाली पूर्ण मुदत खेळलेली प्रत्येक मुलगी पदवीधर झाली, हे मला त्याहून मोठे वाटते.

हे एकट्या बाईंच्या जिद्दीने घडले नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलींना डावलू नये, असा कायदा तिथे 1972 साली झाला होता. त्याच्या आधाराने मुलींच्या खेळाला पैसा मिळाला, पदे निघाली. पण पदांना पगार आला तसे पुरुषही आले. पूर्वी मुलींच्या दहातल्या नऊ संघांना स्त्री प्रशिक्षक असे. पुढे ते प्रमाण निम्म्याखाली गेले. म्हणून नुसते पद निर्माण करून भागत नाही, त्या पदासाठी बायका तयार कराव्या लागतात.

आपल्याकडे अशा बायका नाहीत, हे कोणी सांगू नये. नाशिकच्या शैलजा जैन यांनी इराणच्या महिला कबड्डी संघाला शिकवले आणि 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्या संघाने अंतिम सामन्यात भारतालाच 27–24 असे हरवून सुवर्ण जिंकले. गुण आपल्या मातीतला होता, पदक दुसऱ्या देशाच्या गळ्यात पडले.

आता कोकणातल्या आपल्या खेडच्या कॉलेजांकडे पाहू. कॉलेजचे पहिले सत्र म्हणजे इथला मुसळधार पाऊस. छप्पर नसेल तर बास्केटबॉलचा सराव बंद, आणि स्पर्धांचे दिवस तर तोंडावर. सामना मुंबईला असेल तर दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास आणि रात्रीचा मुक्काम. वाडीवस्तीवरून एसटीने येणाऱ्या मुलीचे आईवडील अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात, “सोबत बाई कोण आहेत?” तो प्रश्न रास्त आहे. त्याला वर्षानुवर्षे एकच ओळखीचे उत्तर मिळाले, तरच मुलगी मैदानावर टिकते. तासिका तत्त्वावर आलेल्या आणि पुढच्या वर्षी दिसतील की नाही याची शाश्वती नसलेल्या बाईंकडून ते उत्तर कसे मिळणार? त्यांच्या कष्टांत उणीव नसते. त्यांना मुदतच दिली जात नाही.

प्रवेशाच्या वेळी प्रत्येक मुलगी मुलाइतकेच जिमखाना शुल्क भरते. पालकांनो, यंदा पावती घेताना विचारा: या पैशातून मुलींच्या सरावावर किती खर्च झाला, आणि त्यांना शिकवायला कायम नेमणुकीची बाई कधी येणार? उत्तर लेखी मागा.