उरलेलं कोण नेतं

संध्याकाळी गोबरगॅसच्या टाकीजवळ एखाद्या दगडावर बसा. टाकी नसेल तर घरातच डोळे मिटून बसा. जिथे उतरायचं आहे तिथलं काही डोळ्यांना दिसणारं नाही.

शेणकाल्याचा वास येऊ द्या. आधी नाक मुरडेल, मग सवय होईल. आज सकाळी कालवून ओतलेलं शेण चाळीसेक दिवस आत राहणार आहे. आपल्यालाही घाई नाही.

आता श्वासाकडे पाहा. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, असं बहुतेक जण सांगतात. आज घेण्याकडे द्या. आत आलेली हवा आपल्याला काहीतरी द्यायला येते असं वाटतं. खरं तर ती न्यायला येते. दुपारची भाकरी पेशींत पोचून मोडते आहे. तिच्यातले इलेक्ट्रॉन या रेणूकडून त्या रेणूकडे उतरत जातात आणि त्या उतारावरच आपलं जगणं चालतं. पण उताराच्या तळाशी ते घेणारं कुणी लागतं. तिथे ऑक्सिजन उभा असतो. तो इलेक्ट्रॉन घेतो आणि पाणी होऊन जातो. हा न्यायला आला नाही, तर पोट भरलेलं असूनही काही मिनिटांत सगळं थांबतं.

एक श्वास घ्या. न्यायला आला, एवढंच मनात असू द्या. आणखी एक घ्या.

आता टाकीत उतरा. वर घुमट बंद आहे, ऑक्सिजन नाही. अन्न मात्र गळ्यापर्यंत. कडब्याचे तंतू कुणी फोडतं आहे, त्यांची साखर कुणी आंबवतं आहे, आंबवण्यातून आम्लं आणि अल्कोहोल निघताहेत. ती खाणारा एक जीव समोर आहे, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याने घास घेतला. इलेक्ट्रॉन सुटले. ते न्यायला कुणी नाही.

इथे जरा थांबा. उपासमारीची कल्पना आपल्याला असते, या अडचणीची नसते.

जुनी वाट अशी: तो इलेक्ट्रॉन हायड्रोजनमध्ये बांधून पाण्यात सोडून देतो आणि शेजारचा मिथेन करणारा जीव तो हायड्रोजन उचलतो. उचलायला उशीर झाला, तर हायड्रोजन साचतो. त्याचा दाब हवेच्या दाबाच्या दहा-हजाराव्या भागापलीकडे गेला, तरी प्रोपिऑनिक आम्ल खाणाऱ्याला त्या खाण्यातून काही सुटेनासं होतं. मग आम्ल साचतं, टाकी आंबते, चूल विझते. टाकीत एकदम खरकटं ओतणाऱ्यांनी हे अनुभवलेलं असतं.

हे दोघं एकमेकांना इतके चिकटलेले, की माणसांनी त्यांना एकच समजून एकच नाव दिलं होतं: मिथेनोबॅसिलस ओमेलियान्स्की. अल्कोहोल खातो, मिथेन सोडतो, अशी त्याची ओळख. १९६७ साली ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की तो एक जीव नाहीच. एक खाणारा, दुसरा नेणारा. नाव गेलं. टाकीत काहीच बदललं नाही.

दुसरी वाट माणसाला खूप उशिरा दिसली. तिथे जरा रेंगाळू या.

अमेरिकेत पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर नावाचे जीवाणू सापडले होते. ते गंजावर श्वास घेतात. गंज घन असतो, तो पेशीत ओढता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनच अंगाबाहेर पोचवायची विद्या त्यांच्यापाशी होती. ॲमहर्स्टमध्ये डेरेक लव्हली यांच्या प्रयोगशाळेत जिओबॅक्टरच्या दोन जाती एका बाटलीत ठेवल्या. एकीला अल्कोहोल खाता येत होतं, दुसरीला नाही. दुसरीला इलेक्ट्रॉन ठेवायला जागा होती, पहिलीला नव्हती. सुरुवातीला वाढ रडतखडत झाली. पण या बाटलीतून त्या बाटलीत पुन्हा पुन्हा रुजवल्यावर दोघी मिळून लालसर गोळे धरू लागल्या. २०१०मध्ये ते प्रसिद्ध झालं: हायड्रोजन उचलण्याची सोय काढून टाकली तरी देवाणघेवाण चालूच राहिली. मधला निरोप्या नव्हताच. इलेक्ट्रॉन अंगातून अंगात जात होते.

त्या लाल रंगावर मन ठेवा. तो लोहाचा. इलेक्ट्रॉन वाहणाऱ्या प्रथिनांत हीम असतं, आपल्या रक्ताला लाल करतं तेच. या प्रथिनांचे कण एकापुढे एक जोडले जाऊन धागा होतो, जाडी सुमारे ४ नॅनोमीटर. आत हीमची रांग, एकाशी दुसरं जवळजवळ खेटून. इलेक्ट्रॉन तिथून सरकतो. श्वास घेताना तुमच्या पेशींतही तो हीमवरूनच सरकतो आहे. फरक एवढाच, की तुमची रांग पेशीच्या आत संपते.

२०१४मध्ये जिओबॅक्टरच्या शेजारी मिथेन करणारा मिथेनोसीटा ठेवला गेला. हा अ‍ॅसिटिक आम्लावर जगणारा, दुसऱ्या कशाला न शिवणारा, असा त्याचा लौकिक. त्याने शेजाऱ्याकडून थेट इलेक्ट्रॉन घेतले आणि कार्बन डायऑक्साइडचा मिथेन केला. एका रेणूला आठ इलेक्ट्रॉन. मध्ये सक्रिय कोळशाचे दाणे टाकले, तर अशा जोड्यांना धाग्यांचीही फारशी गरज उरत नाही. दोघे एकाच दाण्याला चिकटून बसतात आणि कोळसाच तार होतो.

इथे ‘सहकार’, ‘त्याग’ असे शब्द मनात येतील. येऊ द्या, पण धरू नका. देणारा उदार नाही. दिलं नाही तर तो गुदमरेल. घेणाराही उपकार करत नाही, तेच त्याचं जेवण आहे. मला या व्यवहाराचा हा कोरडेपणा आवडतो.

आता वर या. गॅसची नळी घरात जाते. शेगडी पेटवा. घुमटाखाली जो नव्हता तो ऑक्सिजन इथे ज्योतीच्या कडेला उभा आहे. ते आठही इलेक्ट्रॉन तो एका झटक्यात नेतो. हेच इलेक्ट्रॉन एकेकाळी कडब्याच्या हिरव्या पानात उन्हाने पाण्यापासून तोडले होते.

निळ्या ज्योतीवर थंड पातेलं ठेवा आणि बुडाकडे पाहा. क्षणभर तिथे दमट थर धरतो. पाणीच आहे ते. पातेलं तापलं की जातं.