समुद्राशी आमचा संबंध

उन्हाळ्यात रत्नागिरीस जाऊन आलेले आमचे एक निवृत्त गुरुजी पावसाच्या तोंडावर पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीबाजारात भेटले आणि तेथील संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याचे वर्णन आटोपल्यावर ते सहज बोलून गेले, "समुद्राचा वारसा किनाऱ्याच्या लोकांनी जपावा; आपल्या जालना जिल्ह्याला त्याचे काय?" त्यांच्याविषयीच्या आदरामुळे मी तेव्हा गप्प राहिलो; पण ते वाक्य पुढे कित्येक दिवस मला सलत राहिले.

सातवाहनकाळी दख्खनचा पश्चिमेशी व्यापार चाले, हे शाळकरी मुलासही ठाऊक आहे; त्याची उजळणी मी करीत नाही. मला अगत्याचा वाटतो तो सान्निध्य आणि संबंध यांतील भेद. सान्निध्य नकाशावर मोजता येते. संबंध मात्र मालाच्या वाटेने, जकातीच्या नाक्यांवरून आणि बैलांच्या खुरांखालून जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' हा सागरी व्यापाराचा ग्रंथ लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने पैठण भडोच बंदराहून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचे नोंदवले आहे, आणि पैठणहून मौल्यवान दगड व तेरहून कापड गाड्यांतून बंदरास उतरत असल्याचेही. ते बंदर उभे राहिले ते या गाड्यांच्या जिवावर.

आमच्या तालुक्याचे भोकरदन म्हणजेच तेव्हाचे भोगवर्धन. तेथील दात्यांचे उल्लेख सांची आणि भरहूतच्या दानलेखांत आहेत. 1973 च्या उत्खननात तेथे हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक भग्न खंड मिळाला. इ.स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात 1938 साली सापडलेली, आज नेपल्सच्या संग्रहालयात असलेली मूर्ती याच घडणीची आहे: वीतभराहून थोडी उंच, दोन्ही अंगांना चिमुकल्या दासी, आणि पायांत घोट्यापासून जवळजवळ गुडघ्यापर्यंत एकावर एक चढत गेलेली वळी. ती भोकरदनकडेच घडली असावी, असे काही विद्वानांचे मत आहे. ही वळी ज्या हाताने कोरली त्या हाताला खाऱ्या पाण्याचा स्पर्शही झाला नसेल. तरी समुद्राच्या इतिहासातून तो हात वगळता येईल काय?

गुरुजी म्हणतील, हे सारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. मग आपण उभे होतो त्या बाजाराकडेच पाहावे. मिरची मूळची अमेरिकेची; सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यास लागली, घाट चढून वर आली आणि आपल्या जुन्या मिऱ्याशी मिळतेजुळते नाव घेऊन घरचीच होऊन बसली. ज्या ठेच्यावाचून आमची भाकर घशाखाली उतरत नाही, तो ठेचा समुद्रानेच आमच्या पाट्यावर आणून ठेवला. पहाटे तोडलेल्या ओल्या मिरचीचा ढीग, पोत्यांची तोंडे शिवणाऱ्या हमालाची दाभणाची चाल आणि त्याच्या डोळ्यांतून झरणारे पाणी पाहताना मला गुरुजींचे वाक्य अधिकच अन्यायाचे वाटले.

म्हणून भोकरदनला समुद्राचे संग्रहालय व्हावे, असा अर्ज मी लिहावयास घेतला होता. लिहिता लिहिता मात्र गुरुजींच्या म्हणण्यातील एक बाजू मला मान्य करावी लागली. गलबताचे सुकाणू येथे आणून काचेआड ठेवले, तर दोराची गाठ कशी मारतात, शीड केव्हा उतरवतात, हे सांगणारा तांडेल येथे कोठून आणावयाचा? होडी किनाऱ्यावरच राहावी. ती जाणणाऱ्यांच्या नजरेसमोर राहावी. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांचा जुन्या वस्तूंचा संग्रह आज शासकीय संग्रहालय होऊन तेरमध्येच नांदतो आहे, आणि त्याचे मोल मला त्यातच दिसते. तेथली वस्तू तेथल्या मातीपासून तुटलेली नाही. तेव्हा मी अर्ज फाडला आणि दुसरा लिहिला. किनाऱ्यावरच्या प्रत्येक संग्रहालयात एक भिंत घाटमाथ्यासाठी राखावी, आणि आम्ही आमच्या गावी वाटेचा पुरावा राखावा: वजनाची मापे, बैलगाडीच्या धावा, आडतीच्या वह्या.

या शेवटच्या कामासाठी सरकारी मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. ज्यांच्या माळ्यावर मिरचीच्या आडतीची जुनी खातेवही, पट्ट्या किंवा पावत्या असतील, त्यांनी यंदाच्या दिवाळीच्या झाडझुडीत त्या रद्दीत घालू नयेत, एवढीच माझी त्यांना विनंती आहे.