स्मृती, प्रत्यभिज्ञा आणि जुने वसतिगृह
व्यवस्थापनशास्त्राचे माजी विद्यार्थी जमले की ज्या दिवसांच्या आठवणी निघतात, ते दिवस बहुधा सुखाचे नसतात. अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली स्थापन झाली. तिथे पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘फच्चा’ आणि दुसऱ्या वर्षाचा ‘तुच्चा’. फच्च्याचे वर्ष रात्र रात्र जागून केस वाचण्यात, अचानक होणाऱ्या क्विझच्या धास्तीत आणि मुदत संपायच्या आत लेखी अहवाल पेटीत टाकण्यासाठी धूम ठोकण्यात जाते. पुढे पंचविशी उलटल्यावर याच धावपळीचा किस्सा सांगताना सांगणाऱ्याचा चेहरा खुलतो. अनुभव त्रासाचा आणि आठवण गोड, तर मग आठवण खोटी म्हणायची का?

अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या न्यायदर्शनाच्या ग्रंथात ज्ञानाचे दोन प्रकार सांगितले आहेत, अनुभव आणि स्मृती. केवळ संस्कारातून, म्हणजे अनुभवाने मागे ठेवलेल्या ठशातून, उपजते ती स्मृती. मूळ अनुभव यथार्थ असेल तर तीही यथार्थ. पण ती स्वतंत्र नसते, आधीच्या अनुभवावर अवलंबून असते, म्हणून नैयायिक तिला प्रमाणांत बसवत नाहीत. गोडव्याचा उलगडा याच दर्शनात सापडतो. न्यायमतानुसार ज्ञान, सुख आणि दुःख हे आत्म्याचे वेगवेगळे गुण आहेत. अहवालाचे शेवटचे पान छापायचे राहिले होते, हे आठवणे म्हणजे ज्ञान. त्या वेळचे दुःख तेव्हाच संपले. आज होणारे सुख आजचेच, आठवणीमुळे उपजलेले, पण आठवलेल्या प्रसंगात नसलेले. तेव्हा माजी विद्यार्थ्याची स्मृती खोटी नाही. गफलत होते ती पुढच्या पायरीवर, आजचे सुख त्या रात्रीच्या खात्यावर जमा करून तो ‘काय मजेचे दिवस होते’ म्हणतो तेव्हा. हिशेब शिकलेल्या माणसाकडून ही चूक व्हावी, हे गमतीचे आहे. देणग्या गोळा करणाऱ्यांना मात्र ती फार सोयीची पडते.

आठवणारा कोण, हा वाद याहून जुना. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच नव्हे आणि निराळीही नव्हे, असे ‘मिलिंदपञ्ह’ या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन सांगतो. नैयायिकांचे उत्तर असे, की एकाने अनुभवलेले दुसऱ्याला आठवत नाही, म्हणून दोन्ही काळांत टिकणारा आत्मा मानावाच लागतो. स्नेहमेळाव्यात या नियमाला अपवाद दिसल्यासारखे वाटते. एखाद्याची फजिती इतक्यांदा सांगितली गेलेली असते, की त्या दिवशी वर्गात नसलेलाही ‘आठवतंय ना?’ म्हणत तीत भर घालतो. पण त्याला आठवते ते ऐकलेले, पाहिलेले नव्हे.

खरा पेच प्रत्यभिज्ञेचा, म्हणजे ‘हे तेच’ अशा ओळखीचा आहे. तिला संस्काराबरोबर समोर वस्तूही लागते. डिसेंबर २०२० मध्ये अहमदाबादच्या संस्थेने लुई कान यांनी रचलेल्या, लाल विटांच्या १८ वसतिगृहांपैकी १४ पाडून नवी बांधण्याचा प्रस्ताव मांडला. माजी विद्यार्थ्यांनी आणि वास्तुरचनाकारांनी कडाडून विरोध केला आणि १ जानेवारी २०२१ रोजी प्रस्ताव मागे घेतला गेला. विरोधामागे वास्तुकलेचे प्रेम होतेच. शिवाय पाडलेल्या खोलीची स्मृती राहते, प्रत्यभिज्ञा राहत नाही, हेही होते.

मग डागडुजीने तरी ‘तेच’ राहते का? न्याय-वैशेषिकांच्या मते अवयव बदलला की जुना अवयवी, म्हणजे अवयवांची बनलेली अखंड वस्तू, नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. झिजलेल्या विटांच्या जागी नव्या बसवलेली इमारत काटेकोरपणे पाहता वेगळी ठरते. कापून पुन्हा वाढलेल्या केसांनाही लोक ‘तेच’ म्हणतात, हा जुन्या वादांतला ठरलेला दाखला. तिथली ओळख नुसत्या सारखेपणावर उभी असते. न्यायसूत्रांनी संस्कार जागवणाऱ्या कारणांची लांबलचक यादी दिली आहे आणि तीत सादृश्यही आहे. त्यामुळे हुबेहूब बांधलेल्या नव्या वसतिगृहात जुन्या रात्री आठवायला अडचण नाही. ‘ही तीच खोली’ हे म्हणणे मात्र न्यायाच्या कसोटीवर भ्रमात जमा होते.