कॅप्टनच्या गळ्यात पडलेले साम्राज्य

लिस्बनमधली अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही 25 एप्रिल 1974 रोजी एका दिवसात कोसळली. ती पाडणारे बहुतेक कॅप्टन आणि मेजर होते. सांतारेंहून चिलखती गाड्या घेऊन राजधानीत शिरलेला कॅप्टन साल्गेइरो माया 29 वर्षांचा होता आणि मोझांबिक व गिनी या वसाहतींतल्या दोन्ही आघाड्यांवर राहून आला होता. तेरा वर्षांपूर्वी, एप्रिल 1961 मध्ये, फ्रान्सच्या चार सेनापतींनी अल्जीरिया हातचा जाऊ नये म्हणून बंड केले आणि ते चार-पाच दिवसांत फसले. वसाहत टिकवायला सेनापती उठले, सोडायला कॅप्टन. हा फरक योगायोगाचा नाही. वसाहतीच्या युद्धाचा सगळा खोटेपणा ज्याला रोज हाताळावा लागतो, तो हुद्दा कॅप्टनचा असतो, असे माझे म्हणणे आहे.

पोर्तुगालने 1951 मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ हे नाव दिले. लिस्बनच्या लेखी अंगोलातला शेतकरी आणि पोर्तुगालातल्या मिन्होतला शेतकरी एकाच राष्ट्राचे झाले. अंगोलात 1961, गिनीत 1963 आणि मोझांबिकमध्ये 1964 साली युद्ध पेटले, तेव्हा हा दावा खरा करून दाखवायचे काम दीडशेच्या आसपास जवानांच्या कंपनीवर आणि तिच्या प्रमुखावर आले. त्याने गस्त घालायची, भूसुरुंग शोधायचे, विखुरलेल्या वस्त्या उठवून तारेच्या कुंपणाआड नवी गावे वसवायची, तिथे शाळा आणि दवाखानाही चालवायचा. ज्या गावातल्या मुलांना त्याचे जवान पोर्तुगीज मुळाक्षरे शिकवत, त्याच गावातली माणसे संशयावरून गुप्त पोलिसांच्या हवाली होत. मंत्र्याला ही दोन कामे दोन वेगळ्या फायलींत दिसत. सेनापतीला ती नकाशावर दिसत. कॅप्टनला मात्र एकाच सकाळी दोन्ही उरकावी लागत, आणि दोन वर्षांनी घरी परतल्यावर थोड्याच काळात पुढच्या नेमणुकीचा हुकूम येई. सक्तीची लष्करी सेवा चार वर्षांपर्यंत लांबली, हजारो तरुण सीमा ओलांडून फ्रान्सला पळाले, लष्करी अकादमीत मुले येईनाशी झाली.

इथे आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: हे सगळे बढतीचे भांडण होते. अकादमीतून अधिकारी मिळेनात म्हणून जुलै 1973 मध्ये सरकारने कायदा केला. सक्तीच्या सेवेतून आलेल्या अधिकाऱ्यांना छोट्या अभ्यासक्रमानंतर कायम करून सेवाज्येष्ठता देण्याची त्यात सोय होती. कायम कॅप्टन भडकले आणि सप्टेंबरमध्ये एव्होराजवळच्या एका शेतावर शंभराहून अधिक अधिकारी जमले ते याच कारणाने. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण सरकारने माघार घेतल्यावर चळवळ विरायला हवी होती, ती उलट वाढली. बढतीचा घोळ युद्धातूनच जन्मला होता. युद्ध संपल्याशिवाय तो सुटणार नव्हता, एवढा हिशेब या मंडळींना येत होता.

शिवाय पराभवाचे खापर कुणावर फुटते हे त्यांनी गोव्यात पाहिले होते. डिसेंबर 1961 मध्ये पंतप्रधान सालाझारने गव्हर्नर-जनरल व्हासालो ई सिल्व्हा यांना कळवले होते की पोर्तुगीज सैनिक एकतर विजयी होतील किंवा मरतील. शरणागती नाही, युद्धकैदी नाहीत. तिथल्या तुटपुंज्या फौजेला भारतीय सैन्यापुढे हे जमण्याजोगे नव्हते. गव्हर्नरने शरणागती पत्करली, माणसे वाचवली, आणि त्याबद्दल पुढे त्याला लष्करातून काढून टाकण्यात आले. आपल्याकडे गोवामुक्तीचा इतिहास मांडवीच्या काठावर संपतो. पोर्तुगीज लष्करात तो पुढे बारा वर्षे जिवंत होता. गिनीत 1973 मध्ये बंडखोरांकडे विमानवेधी क्षेपणास्त्रे आली, मे महिन्यात गिलेझेचे ठाणे सोडून द्यावे लागले आणि ते सोडणाऱ्या मेजरला अटक झाली. तेव्हा ‘दुसरा गोवा’ ही भीती अधिकाऱ्यांना सतावू लागली.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. ज्यांनी राजवट पाडली त्यांच्यापैकी अनेकांनी आधी वर्षानुवर्षे तिचे हुकूम मुकाट पाळले होते. मोझांबिकमध्ये विरियामू येथे डिसेंबर 1972 मध्ये पोर्तुगीज कमांडोंनी शेकडो गावकरी मारले, आणि जागेवर हुकूम देणारे अधिकारी कनिष्ठच होते. याला उत्तर नाही, आणि शोधूही नये. युद्धाच्या खोटेपणाशी रोजचा संबंध आला की माणूस शहाणाच होतो असे नाही. काही जण त्याने निर्ढावतात. कॅप्टनांना आपण जिंकत नाही हे कळले ते मुळात आफ्रिकी बंडखोरांनी त्यांना जिंकू दिले नाही म्हणून. 25 एप्रिलच्या कारनेशनच्या फुलांच्या छायाचित्रांत गिनीच्या बंडखोरांचा नेता अमिल्कार काब्राल दिसत नाही. जानेवारी 1973 मध्ये त्याची हत्या झाली होती. तरी त्या क्रांतीच्या जनकांत त्याचे नाव घ्यावे लागते.

क्रांतीनंतर कॅप्टन घरी परतले. गिनीत पोर्तुगीज गणवेशात लढलेले आफ्रिकी कमांडो मागे राहिले. त्यांना निःशस्त्र करण्यात आले, आणि स्वातंत्र्यानंतर नव्या राजवटीने त्यांच्यापैकी अनेकांना गोळ्या घातल्या.